चेक या शब्दातला राजा

एका ओळखीच्या घरी आजोबा आणि नात बुद्धिबळाचा डाव मांडून बसले होते आणि मी शेजारी बसून तो पाहत होते. नातीने उंट तिरपा सरकवला, सोंगटीचा लाकडी तळ पटावर टेकल्याचा हलकासा आवाज झाला आणि ती एकदम म्हणाली, "आजोबा, चेक!" आजोबांनी पटावरची नजर न काढता म्हटले, "चेक काय म्हणतेस गं? शह म्हणावं. आपला शब्द आहे तो." "पण आमचे सर चेकच म्हणतात," ती म्हणाली. "म्हणू देत. तू शह म्हण." ती क्षणभर थांबली, मग आवाज खाली आणून "बरं, शह" एवढे म्हणाली, आणि आजोबांनी राजा एक घर बाजूला घेतला. आजोबांच्या बोलण्यात राग नव्हता. भाषेविषयीची कळकळ होती, आणि ती कळकळ मला परकी नाही. मराठी शब्द हाताशी असताना उगाच दुसरा वापरला की मलाही टोचते. तरीही त्या मुलीचा खाली आलेला आवाज माझ्या मनातून जाईना. एवढ्या मेहनतीने शोधलेल्या चालीचा तिचा आनंद एका शब्दाच्या कुळावरून विरला होता, आणि ज्या कुळावरून तो विरला ते कूळ वेगळे नव्हतेच.

चेक आणि शह हा मुळात एकच शब्द आहे.

दोघांचेही मूळ फारसीतल्या 'शाह' या शब्दात आहे, म्हणजे राजा. त्याचे प्राचीन फारसी रूप 'ख्शायथिय' असे होते. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर पहिल्या दारियसने इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या अखेरीस जो लेख कोरून घेतला, त्यात तो स्वतःला हाच शब्द लावतो आणि राजांचा राजा म्हणवून घेतो. त्या रूपातला सुरुवातीचा 'ख्श' जरा मोठ्याने उच्चारून पाहिला की आपल्याला काहीतरी ओळखीचे ऐकू येते, आणि तो भास नव्हे. संस्कृतातला 'क्षत्र', म्हणजे सत्ता, आणि त्यावरून आलेला 'क्षत्रिय' हे त्याच धातूच्या घरचे आहेत. इतिहासाच्या पुस्तकात भेटणारा 'क्षत्रप' तर थेट प्राचीन इराणच्या कारभारातून आलेला, राज्याचे रक्षण करणारा अधिकारी. चतुरंगाचा, म्हणजे बुद्धिबळाच्या जुन्या रूपाचा, खेळ भारतातून इराणात गेला, तिथे तो 'चत्रंग' झाला. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकल्यावर तो 'शत्रंज' झाला आणि त्यांच्याबरोबर भूमध्य समुद्राच्या काठाने स्पेनपर्यंत आणि सिसिलीपर्यंत पोहोचला. खेळाबरोबर राजाला हाक मारण्याचा शब्दही चालला होता. लॅटिनमध्ये त्याला 'स' आणि 'क' चिकटले, जुन्या फ्रेंचमध्ये तो 'एशेक' झाला, नॉर्मन सरदारांच्या फ्रेंचमधून तो इंग्लंडला उतरला आणि १३०० च्या आसपास इंग्रजीत 'चेक' म्हणून स्थिरावला. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनापासून 'चेस' हे खेळाचे इंग्रजी नाव आले. म्हणजे इंग्रजीत बुद्धिबळाला चेस म्हणतात तेव्हा शब्दाच्या पोटात 'राजे' एवढाच अर्थ असतो. आपल्याकडचा 'शह' दुसऱ्या वाटेने आला, फारसी बोलणाऱ्या दरबारांमधून, आणि त्याला इतका मोठा वळसा घालावा लागला नाही, म्हणून त्याचा चेहरामोहरा फारसा बदलला नाही.

मला या प्रवासापेक्षाही जास्त ओढ आहे ती त्या पहिल्या हाकेची. शाह हा शब्द पटावर कोण उच्चारत असे? ज्याच्या राजावर संकट आले आहे तो नव्हे, तर ज्याने संकट आणले आहे तो. हल्ला करणाराच समोरच्याला म्हणतो, "राजा!" म्हणजे, तुझा राजा धोक्यात आहे, त्याच्याकडे बघ. युद्धाची नक्कल करणाऱ्या खेळात ही केवढी विलक्षण गोष्ट आहे. घोडा मारताना, उंट मारताना कोणी सांगत नाही. हत्ती न बोलता उचलला जातो. राजाच्या बाबतीत मात्र आधी इशारा द्यायचा आणि त्याला उत्तर द्यायला एक चाल द्यायची. राजा कधीच मारला जात नाही. त्याला जायला जागा उरली नाही की डाव तिथेच थांबतो. 'मात' या शब्दाचा अर्थही फारसीत निरुपाय झालेला, हतबल असाच आहे. अरबीत 'मेला' या अर्थाचे क्रियापद जवळपास तसेच ऐकू येते, म्हणून 'शहमात' म्हणजे राजा मेला असे अनेक ठिकाणी सांगितले जाते, पण मला फारसी अर्थच खेळाला धरून वाटतो. शिवाय शह देण्यासाठी वजीरच लागतो असेही नाही. पटावरचे सर्वांत लहान प्यादेही राजाला शह देऊ शकते, आणि ते देते तेव्हा बाकी सगळे बेत बाजूला ठेवून राजाला आधी त्याचे उत्तर द्यावे लागते. आज आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शह तोंडाने जाहीर करण्याची सक्ती नाही. मोठ्या स्पर्धांत खेळाडू चाल करतात, घड्याळ दाबतात आणि गप्प राहतात. ते योग्यच असेल, कारण तिथे दोघांनाही सगळे दिसत असते. पण शिकणाऱ्या मुलांच्या पटावर ती हाक अजून ऐकू येते, आणि मला ती ऐकायला आवडते.

खेळातून बाहेर पडल्यावर प्रत्येक भाषेने या शब्दातून आपापल्या स्वभावाप्रमाणे काहीतरी उचलले. फ्रेंचमध्ये 'एशेक' म्हणजे अपयश. परीक्षेतले, प्रयोगातले, आयुष्यातले कोणतेही अपयश. संकटात सापडलेल्या राजाकडे पाहून त्या भाषेला पराभव दिसला. जर्मनमध्ये 'शाख' हा शब्द खेळालाही आणि शहालाही पुरतो, आणि 'मात'पासून आलेला 'मॅट' हा शब्द थकलेल्या, निस्तेज माणसाला लावतात. रशियनांनी 'शाखमाती' असे अख्खे शहमातच खेळाचे नाव म्हणून ठेवून घेतले. आपण मराठीत 'शह' राजकारणाला दिला. शह-काटशहाचे राजकारण, शह देण्यासाठी आखलेली खेळी, शहाला काटशह: वर्तमानपत्राच्या मथळ्यांत हा शब्द रोज भेटतो आणि तिथे त्याचा अर्थ डावपेच, कुरघोडी असाच असतो. याचे मला थोडे वाईट वाटते. मूळ शब्दात डाव होता, पण डावाबरोबर इशाराही होता. मराठीने डाव ठेवला आणि इशारा गळून गेला. इंग्रजीने मात्र या सगळ्यांपेक्षा वेगळे काही पाहिले. शह मिळाला की राजाची बाकीची कामे थांबतात, पटावरचा चालता बेत तिथल्या तिथे अडतो. इंग्रजीला ते अडणे दिसले. चौदाव्या शतकातच 'चेक' म्हणजे अडथळा, रोध, लगाम असे अर्थ रुळू लागले. ससाणा शिकवणारे लोक नेमलेले सावज सोडून मध्येच दुसऱ्या पक्ष्याकडे वळलेल्या ससाण्याबद्दल हा शब्द वापरत. वास हरवून शिकारी कुत्र्यांचा जथा जागच्या जागी थबकला की तोही चेक. पुढे आइस हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवणे चेक झाले, आणि पोकरमध्ये पैसे न लावता पाळी पुढे ढकलणेही चेक झाले. या सगळ्यांत राजा कुठेच नाही, पण थांबणे आहे.

याच शब्दाची एक शाखा हिशेबाच्या टेबलावर गेली, आणि ती गोष्ट मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर वाटते. बाराव्या शतकात, पहिल्या हेन्रीच्या काळात, इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजण्यासाठी एक मोठे टेबल वापरले जाई. त्याची लांबी दहा फूट आणि रुंदी पाच फूट होती, आणि वर ठेवलेले काही घरंगळून पडू नये म्हणून चारी कडांना बोटाच्या चार रुंदीइतका कठडा होता. टेबलावर काळे कापड पसरलेले असे आणि त्यावर फूटभर किंवा वीतभर अंतराने रेषा आखलेल्या असत. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे महाकठीण, म्हणून त्या चौकटींमध्ये सोंगट्यांसारख्या चकत्या मांडून हिशेब करत. एका स्तंभात पेन्स, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, वीस पौंड, शंभर, हजार. बुद्धिबळाच्या पटासारखे दिसणारे हे टेबल म्हणून लॅटिनमध्ये त्याला पटाचेच नाव पडले, आणि त्यावरून राजाच्या खजिन्याला 'एक्स्चेकर'. ब्रिटनचे अर्थमंत्री आजही चान्सेलर ऑफ द एक्स्चेकर म्हणवतात ते त्या कापडामुळे. रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने ११७० च्या दशकात या कचेरीचे सगळे कामकाज लिहून ठेवले आहे. त्यात तो नावाचे कारण सांगताना कापडाच्या चौकटींवर थांबत नाही. तो म्हणतो की पटावर जशी दोन राजांमध्ये लढाई होते, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ, म्हणजे परगण्यातला राजाचा अधिकारी, यांच्यात होते, आणि बाकीचे बसून पाहतात. मी ते वाचले तेव्हा तो प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. ईस्टरला आणि सप्टेंबरअखेरच्या मायकेलमस या सणाला आपापल्या परगण्याचा वसूल घेऊन आलेला शेरीफ टेबलाच्या या बाजूला, समोर दरबारातले मातब्बर लोक, काळ्या कापडावर सरकणाऱ्या चकत्यांचा खडखडाट, आणि प्रत्येक रकमेला त्याने द्यायचे उत्तर. आपल्या परगण्यात राजासारखा वावरणारा माणूस इथे येऊन शह मिळाल्यासारखा बसत असणार.

रक्कम मिळाल्याची पावती म्हणून लाकडाची काठी देत, आणि तीवर खाचा पाडलेल्या असत. हजार पौंडांची खाच तळहाताच्या जाडीची, शंभरांची अंगठ्याएवढी, विसांची करंगळीएवढी, आणि एका पौंडाची जवाच्या टपोऱ्या दाण्याएवढी. मग ती काठी खाचांसकट उभी चिरून दोन भाग करत. एक पैसे भरणाऱ्याकडे, दुसरा खजिन्यात. पुढच्या वेळी दोन्ही भाग एकमेकांना लावून पाहायचे. खाचा जुळल्या तर हिशेब खरा. लाकडाच्या रेषा कुणाला बनावट करता येत नाहीत, आणि लिहिता-वाचता न येणारा माणूसही बोट फिरवून आपली खाच तपासू शकतो. शेकडो वर्षे हे चालले. १८२६ मध्ये पद्धत बंद झाली तेव्हा जुन्या काठ्यांचे ढीग साठले होते. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या काठ्या संसदेच्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांमध्ये जाळायला घेतल्या, आग भडकली आणि वेस्टमिन्स्टरच्या राजवाड्याचा बहुतेक भाग त्या रात्री जळून गेला. राजवाड्याइतकीच मला त्या काठ्यांचीही हळहळ वाटते. कुणाच्या तरी हाताने पाडलेल्या, कुणाच्या तरी बोटाने चाचपलेल्या त्या खाचा होत्या.

बँकेतला चेक या एक्स्चेकरच्याच सावलीत वाढला. आधी चेक म्हणजे दस्ताचा मागे राहणारा अर्धा भाग होता, ज्याच्याशी ताडून खोटेपणा अडवता येई. पुढे ते नाव त्या कागदालाच मिळाले. ब्रिटिशांनी एक्स्चेकरकडे पाहून त्याचे स्पेलिंग बदलले, अमेरिकनांनी जुने ठेवले. चेक्सचा शर्ट तर सरळ पटावरून आला. त्याला चौकडीचे कापड हा आपला शब्द आहे आणि तो मला जास्त नेमका वाटतो. युरोपातल्या चेक लोकांचा मात्र या घराण्याशी काही संबंध नाही. देवनागरीत दोघे सारखे दिसतात एवढेच.

अडवणे या अर्थाचा शब्द तपासणे या अर्थाकडे कसा गेला, हा प्रश्न मला बरेच दिवस धरून राहिला. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत 'चेक' म्हणजे ताडून पाहणे असा वापर दिसू लागतो. दोन अर्थांमधला पूल म्हणजे ती चिरलेली काठी, तो मागे ठेवलेला अर्धा कागद. दुसरी बाजू हाती असली की पहिलीला मनमानी करता येत नाही. ताडून पाहणे हेच अडवणे. गंमत अशी की 'कंट्रोल' हा शब्द नेमका याच रस्त्याने उलटा चालत आला. त्याचे मूळ फ्रेंच रूप म्हणजे हिशेबाची प्रतिनोंद, ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी वही. त्यावरून तपासणी, आणि तपासणीवरून ताबा. फ्रेंचमध्ये तो अजून बराचसा तपासणीपाशीच आहे. एक शब्द अडवण्यातून तपासण्याकडे गेला आणि दुसरा तपासण्यातून अडवण्याकडे, आणि वाटेत कुठेतरी दोघांची गाठ पडली असणार. राज्यशास्त्रात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. सत्तेने सत्तेला थांबवले पाहिजे, असे फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यूने १७४८ मध्ये लिहिले. त्याने फ्रेंचमध्ये थांबवण्याचे साधे क्रियापद वापरले होते. १७५० च्या इंग्रजी भाषांतरात त्या जागी 'चेक' आला. भाषांतरकाराच्या मनात पट असेल की नसेल, पण सत्तेला आवर घालण्यासाठी त्याने जो शब्द उचलला त्याचा मूळ अर्थ राजा होता, हे मला फार मोलाचे वाटते.

आता आपण दिवसभर चेक करत असतो. मेल चेक केली का, नाव चेक कर, एकदा चेक करून सांगते. मराठीत या शब्दाने 'तपासणे', 'पडताळणे', 'ताडून पाहणे', 'खात्री करणे', 'नजर टाकणे' या सगळ्यांच्या जागा एकट्याने घेतल्या आहेत. त्याबद्दल माझे मन दोन्हीकडे ओढले जाते. पडताळणीत वेळ आहे, ताडण्यात दोन वस्तू समोरासमोर आहेत, नजर टाकण्यात यांपैकी काहीच नाही. हे फरक बोथट झाले की कामेही बोथट होतात. दुसरीकडे, सोईचा, आखूड, सगळ्यांना कळणारा शब्द लोकांनी उचलला तर त्यात त्यांचा दोष काय? मला खटकते ते वेगळे आहे. या वापरात चेकमधले थांबणे हरवले आहे. पडद्यावर बोट फिरवत शंभर गोष्टी चेक करताना आपण कुठेच थांबत नाही, आणि जिथे थांबलो नाही तिथे तपासणी झाली असे म्हणवत नाही.

पण काही ठिकाणी ते थांबणे माणसांनी कष्टाने परत आणले आहे. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेत डेटनजवळच्या राइट फील्डवर बोइंग कंपनीचे मॉडेल २९९ हे नवे विमान चाचणीसाठी उडाले, वेगाने वर चढले आणि कोसळले. दोन जणांचा जीव गेला. चालवणारा वैमानिक अतिशय अनुभवी होता. जमिनीवर उभे असताना वाऱ्याने शेपटीचे पडदे हलू नयेत म्हणून लावलेला अडणा उडण्यापूर्वी काढायचा राहिला होता. विमान इतके गुंतागुंतीचे होते की ते सगळे लक्षात ठेवणे एका माणसाला शक्य नव्हते, आणि म्हणून वैमानिकांनी उड्डाणापूर्वी वाचायच्या याद्या केल्या. चेकलिस्टला विमानविद्येत जे स्थान आले ते तिथून. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी अशीच यादी तयार केली. तिच्यात १९ बाबी आहेत आणि तीन थांबे आहेत: भूल देण्यापूर्वी, कातडीवर छेद घेण्यापूर्वी, आणि रुग्णाला बाहेर नेण्यापूर्वी. दुसऱ्या थांब्याला सगळे हातातले काम सोडतात, एकमेकांना नावे आणि कामे सांगतात, आणि रुग्ण कोण, कोणत्या बाजूची कोणती शस्त्रक्रिया, हे मोठ्याने बोलून घेतात. मनातल्या मनात चालत नाही, उच्चारावे लागते. बोलायचे काय, तर समोरच्या जीवाला धोका कुठून येऊ शकतो एवढेच. इतक्या शतकांनंतर पटावरची ती जुनी हाक मला इथे पुन्हा जवळजवळ जशीच्या तशी ऐकू येते. ही यादी वाचण्याचे काम पुष्कळदा परिचारिकेकडे असते, आणि एखाद्या बाबीचे समाधानकारक उत्तर मिळेपर्यंत सगळ्यांना पुढे जाऊ न देण्याचा अधिकार तिला दिलेला आहे. हातात शस्त्र घेतलेल्या ज्येष्ठ शल्यविशारदाला थांबवणे कोणालाच सोपे नसणार. पण तिने विचारले की त्याला आधी त्याचे उत्तर द्यावे लागते.